मुनीरमामूंचा फळा

‘नाही’ हा शब्द इतक्या सुवाच्य अक्षरात आणि इतक्या आनंदानं लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रोज सकाळी ओपीडीचं दार उघडायच्या आधी मुनीरमामू फळ्यासमोर उभे राहायचे. ओल्या फडक्यानं कालची अक्षरं पुसायचे, फळा वाळेपर्यंत दोन पावलं मागं सरून मान तिरकी करून त्याच्याकडं बघायचे आणि मग खडू हातात घ्यायचे. डावीकडं ‘आज आहे’, उजवीकडं ‘आज नाही’. डावीकडची यादी भराभर व्हायची. उजवीकडं आले की हात संथ व्हायचा. ‘कुत्रं चावल्याची लस – नाही.’ ‘एक्स-रेची फिल्म – नाही.’ ‘दातांचे डॉक्टर – नाही, मीटिंगला गेले.’ प्रत्येक ‘नाही’च्या खाली एक सरळ रेघ मारायचे आणि मग खडूचे हात खिशाला पुसायचे. त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाचा खिसा त्यामुळं शर्टाहून जास्त पांढरा होता.

मुनीरुद्दीन शेख आमच्या ग्रामीण रुग्णालयात फार्मासिस्ट होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत, पण आपल्याबद्दल कुणी काही लिहिलंय म्हटल्यावर बस भरून माझ्या घरी येतील. माझं घर छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीला. वडिलांचं कापडाचं दुकान. एमबीबीएस झाल्यावर बॉण्डची नोकरी करायला मी त्या तीस खाटांच्या दवाखान्यात गेले, तेव्हा एक वर्ष कसंबसं काढायचं आणि परत यायचं एवढाच माझा विचार होता. पहिल्या दिवशी बसमधून उतरले तर समोर हा फळा. ‘आज आहे’च्या खाली शेवटची ओळ होती, ‘नवीन डॉक्टर मॅडम – आहेत (दुपारपासून).’ मला हसू आलं आणि थोडा रागही आला. आपल्याला कुणी पॅरासिटामॉलच्या खाली लिहावं, हे काही मी कॉलेजात शिकले नव्हते.

मामूंचं घर खुलताबादला. आठवडाभर ते दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असलं तरी मामू ‘औरंगाबादला गाडी बदलली’ असंच सांगायचे. परत येताना पिशवीत दिवसांप्रमाणं सीताफळं नाही तर पेरू. फाटकाच्या बाहेर भेटले की मला ‘बेटा’ म्हणायचे. बेटा, जेवली का, बेटा, उन्हात काहून उभी. फाटकातून एक पाऊल आत पडलं की ‘मॅडम’. एकदा मी मुद्दाम फाटकाच्या रेघेवरच उभी राहिले, तर हा माणूस गप्पच बसला. मी कुठल्या बाजूला पडते ते ठरेपर्यंत पेरू हातात धरून उभा.

फळ्याची गोष्ट अशी, की सरकारी दवाखान्यात कोणती औषधं आहेत त्याची यादी दर्शनी भागात लावायची, असा नियम आहे. आमच्याकडं ती होती. पत्र्यावर ऑइल पेंटनं रंगवलेली, कित्येक वर्षांपूर्वीची. तिच्यावर सगळंच ‘उपलब्ध’ होतं. कंपनीनं बनवायचं बंद केलेलं एक औषधसुद्धा तिच्यावर उपलब्ध होतं. मामू तिला ‘जन्नतची यादी’ म्हणायचे. तिच्या खाली त्यांनी उर्दू शाळेनं भंगारात काढलेला फळा आणून टांगला.

त्यांच्याकडं एक जाडजूड वही होती. तीस खाटांच्या दवाखान्यात काय काय असलं पाहिजे, किती असलं पाहिजे, कोण असलं पाहिजे, याच्या सरकारी मानकांची झेरॉक्स काढून त्यांनी ती बांधून घेतली होती आणि वर बायकोच्या जुन्या ओढणीचं कव्हर शिवलं होतं. दुपारी गर्दी ओसरली की ती उघडून लग्नाच्या सामानाची यादी वाचावी तसं मोठ्यानं वाचायचे. “ऑपरेशनचा दिवा, एक. हाय. पण लागत नाय. जनरेटर, एक. हाय. लागतो. बंद होत नाय.” मग चष्मा वर करून मला सांगायचे, “मॅडम, कागदावर हाय ते कपाटात पायजे. एवढाच कायदा. बाकीचा सगळा वकिलांचा.”

गावाला या फळ्याचं वेड लागलं होतं. पाचोडच्या बाजाराला जाणारी माणसं दारावरून जाताना गाडी हळू करून वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचता येणारे सांगायचे. समोरच्या चहाच्या टपरीवर ‘आज काय नाय?’ हा नमस्काराऐवजीचा प्रश्न झाला होता. कुणी टिंगल करायचं, “मामू, पाऊस हाय का नाय ते बी लिवा की.” मामू गंभीरपणे म्हणायचे, ते माझ्या खात्यात येत नाय.

औषध समजावून सांगायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. घड्याळ न बघणाऱ्या म्हाताऱ्यांना ते बसच्या वेळेवर गोळ्या द्यायचे. पिवळी गोळी सकाळची पैठण गाडी गेली की, पांढरी संध्याकाळची गाडी आली की. सगळं सुरळीत चाललं होतं आणि एसटीचा संप झाला. चारेक दिवसांनी बीपीचे पेशंट चक्कर येते म्हणून एकामागून एक यायला लागले. मला काही कळेना. एका आजीला विचारलं, गोळ्या घेता ना? आजी माझ्यावरच वैतागल्या. गाडीच आली नाही तर गोळी कशी घ्यायची? मामूंनी कपाळावर हात मारला, दुपारभर घरोघर फिरले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘एसटी – नाही. गोळी – आहे. घ्या.’ ही चूक ते स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगायचे. सांगताना इतके हसायचे की शेवट दुसऱ्या कुणाला तरी सांगावा लागायचा.

आमच्या अधीक्षकांचं मात्र या फळ्यानं रक्त आटत होतं. माणूस वाईट नव्हता. पेशंटला हात लावताना फार हळुवार. पण वरून फोन आला की बसल्या जागी उभे राहायचे. दवाखान्यात जे नाही ते रोज चव्हाट्यावर मांडणं म्हणजे नोकरीवर दगड मारून घेणं, असं त्यांचं मत. त्यांनी मामूंना समजावलं, दटावलं, एकदा खडूचा बॉक्ससुद्धा कपाटात कुलूपबंद केला. मामू दुसऱ्या दिवशी शाळेतून खडू मागून आले. शेवटी साहेबांनी एक युक्ती काढली. तपासणीचं पथक येणार असलं की ते आपली गाडी आणून बरोबर फळ्यासमोर लावायचे.

त्या वर्षी फळ्यावर बरेच महिने ‘रॅम्प – नाही’ ही ओळ होती. दाराला पाच पायऱ्या. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. तपासणीला मोठे साहेब यायचे होते. अधीक्षकांनी गाडी लावली, फळा झाकला, हार तयार ठेवले. साहेबांची गाडी आली, दार उघडलं आणि आधी बाहेर आला तो प्लॅस्टरमधला पाय. बाथरूममध्ये घसरले होते म्हणे. त्यांना पायऱ्यांच्या अगदी जवळ उतरायला हवं होतं आणि तिथंच आमच्या साहेबांची गाडी. ती हलवावी लागली. गाडी मागं सरकली तसा फळा एकेक ओळ करत उघडा झाला, आणि साहेब खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यांच्या उंचीवर असताना त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकी ती ओळ आली. त्यांनी ती वाचली. खुर्ची थोडी कलंडली. मामू खालून अदबीनं म्हणाले, “साहेब, घट्ट धरा.”

महिनाभरात रॅम्प झाला. मामूंनी ‘नाही’ पुसून ‘आहे’ लिहिलं आणि सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. गावातली धडधाकट माणसंसुद्धा नुसती चढून बघायला आली. आमचे अधीक्षक दोन दिवस मामूंशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या आईला दाखवायला आणलं तेव्हा रॅम्पवरून नेलं.

असा हा माणूस. त्याच्या हातून चूक झाली ती याच फळ्यावर.

श्रावणातली गोष्ट. रानात खुरपणी चालू होती. सकाळी दहाच्या सुमाराला अंकुश नावाचा शेतकरी मोटारसायकलवर बायकोला मधे बसवून, मागं भावाला धरायला घेऊन आला. बायको कौसाबाई. कपाशीत खुरपताना हाताला साप चावला होता. भावानं सांगितलेल्या वर्णनावरून घोणस. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. मी काचेच्या कोरड्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं. तेवढ्यात ते गोठलं नाही तर विष अंगात भिनलंय असं समजायचं. पण मला वीस मिनिटं थांबायची गरज वाटत नव्हती. मी सर्पदंशाची लस आणायला सांगितलं. अंकुश धापा टाकत सांगत होता, सकाळी रानात जाताना फळा वाचला होता, लस आहे असं लिहिलं होतं, म्हणून सरळ इकडंच आणली.

लसीऐवजी मामू स्वतःच आले. हात रिकामे होते. चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“मॅडम, लस नाय. काल सांजच्याला आरोग्य केंद्रानं मागितली, धाच्या धा बाटल्या देऊन टाकल्या. फळ्यावर ‘आहे’ म्याच लिवलंय.”

बाटल्या दिल्याची नोंद त्यांनी रजिस्टरला नीट केली होती. फळ्यावर मात्र महिनोन्‌महिने त्या ओळीपुढं ‘आहे’च असायचं आणि त्या सकाळी हात सवयीनं तेच लिहून गेला. ते आरोग्य केंद्र होतं शहराच्या रस्त्यावर. अंकुशचं रान त्याच्या जवळपास समोरच. म्हणजे कौसाबाईला जिथं लस होती तिथून उचलून, जिथं नव्हती तिथं आणलं होतं, आणि ते फळ्यावर विश्वास ठेवून.

मग जे झालं ते पळापळीचं. ॲम्ब्युलन्स निघाली, मी आत बसले. मामूंनी केंद्राच्या सिस्टरला फोन केला आणि ती बाई लसीचा डबा घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहिली. तिथंच लिंबाच्या सावलीत गाडी थांबवून मी सलाइनमधून लस सुरू केली. रिॲक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन डाव्या हातात तयार धरलं होतं. उजवा हात कौसाबाईच्या नाडीवर ठेवला. ती घाटीत, शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पोचली तेव्हा रक्तस्राव थांबत आला होता. आठ दिवसांनी चालत घरी गेली. पण आमच्या दारात येऊन लस लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती. त्या चाळीस मिनिटांत काय होऊ शकलं असतं ते मला माहीत होतं आणि मामूंनाही.

संध्याकाळी अधीक्षकांनी मला बोलावलं. केसपेपर अजून पुरा व्हायचा होता. ते म्हणाले, घाईगर्दीत वेळ थोडी पुढंमागं होते, मॅडम. पेशंट दहाऐवजी साडेदहाला आली असं लिहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नाही आणि एक म्हातारा माणूस सुखानं रिटायर होईल. मामूंना निवृत्तीला वर्षसुद्धा उरलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझा हात थबकला. मला मामू आवडायचे. मी केसपेपर तसाच घेऊन औषधाच्या खिडकीवर गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा वर करून कागद बघितला. मग म्हणाले, “मॅडम, वेळ खरी लिवा. आज माझ्यापायी तुमचा कागद खोटा झाला, तर उद्या तुमच्या खऱ्या कागदाला बी कोण मानणार?”

मी खरी वेळ लिहिली, दहा वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर दोन्ही रकाने नव्हते. पूर्ण रुंदीत लिहिलं होतं. ‘काल सर्पदंशाची लस “आहे” असं मी लिहिलं. नव्हती. बाईची चाळीस मिनिटं गेली. चूक माझी. मुनीर शेख, फार्मासिस्ट.’ आणि खाली नेहमीसारखी सरळ रेघ.

त्यांनी लिहिलं नसतं तर कुणाला काही कळलंही नसतं. अंकुशनं तक्रार केली नव्हती. पण कुणीतरी फळ्याचा फोटो काढला, तो मोबाइलवरून गावभर, मग तालुकाभर फिरला. एका होतकरू पुढाऱ्यानं जिल्ह्याला अर्ज ठोकला आणि चौकशी लागली. निलंबन होईल, पेन्शन अडकेल, असं जो तो बोलत होता. मामूंनी पेन्शनचा विषय माझ्याकडं एकदाही काढला नाही. त्यांना भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. फाटकाबाहेर एकदा म्हणाले, बेटा, आता लोक फळा वाचायचं सोडतील. आणि तसंच झालं होतं. टपरीवरचा ‘आज काय नाय’ बंद पडला. माणसं फळ्यासमोरून मान खाली घालून आत यायची आणि सिस्टरला विचारायची. त्यांना मामूंचा राग नव्हता. मामूंना वाईट वाटू नये म्हणून ती फळ्याकडं बघत नव्हती, आणि तेच मामूंना सगळ्यात जास्त लागत होतं.

चौकशी आमच्याच लसीकरणाच्या खोलीत झाली. भिंतीवर बाळांची चित्रं आणि खाली तीन खुर्च्यांवर समिती. दोन डॉक्टर आणि एक विधी अधिकारी. हा विधी अधिकारी किडकिडीत माणूस, प्रत्येक प्रश्नाआधी चष्मा पुसायचा. मला वेळा विचारल्या, नळीची चाचणी विचारली, लस लावताना काय काय जवळ होतं ते विचारलं. मी केसपेपर पुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला. मग आमचे अधीक्षक मामूंच्या बचावाला उभे राहिले. खरंच मनापासून. दवाखाना लहान, माणसं कमी, सेवा मोफत, तेव्हा शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या अपेक्षा इथं लावू नयेत, असं ते बोलत होते. मामूंनी हात वर केला.

“साहेब, माफ करा. फुकट हाय म्हणून कमी चालतं, असं या वहीत कुठंच लिवलेलं नाय.”

आपल्याच बचावाला हरकत घेणारा माणूस समितीनं पहिल्यांदाच पाहिला असावा. एक डॉक्टर खिडकीकडं तोंड करून हसले. विधी अधिकाऱ्यानं ओढणीच्या कव्हराची ती वही मागून घेतली, चाळली आणि विचारलं, नसलेल्या गोष्टी फळ्यावर लिहा असा नियम यात कुठं आहे? मामू म्हणाले, आहे ते लावा असं लिहिलंय. नाही ते लपवा असं मात्र कुठं लिहिलेलं नाही. ते त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं.

विधी अधिकाऱ्यानं चष्मा पुसला. म्हणाला, कायदा तुमच्याकडून चमत्कार मागत नाही. तुमच्या जागी, तुमच्याजवळ जे होतं तेवढ्यावर, काळजी घेणाऱ्या माणसानं काय केलं असतं, एवढंच तो विचारतो. तुम्हीच सांगा, काय केलं असतं?

मामू म्हणाले, “फ्रिज उघडून बघितला असता. मग लिवलं असतं. म्या नाय बघितला.”

शेवटी अंकुशला बोलावलं. पुढाऱ्यानं त्याला बरंच पढवून आणलं होतं. पण तो उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला की बायको घरी आहे, भाकरी करते, त्याची काही तक्रार नाही. त्याला फक्त एक विचारायचं आहे, फळा काढणार आहात का? अजून ठरलं नाही, असं समितीनं सांगितलं. “ऱ्हाऊ द्या,” अंकुश म्हणाला. “पन बघून लिवा म्हनावं.”

महिन्याभरानं कागद आला. मामूंच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद. आणि खाली दुसरं कलम असं, की दवाखान्यानं असलेल्या आणि नसलेल्या औषधांची यादी रोज साठा प्रत्यक्ष तपासून फळ्यावर लिहावी आणि तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही घ्यावी. मामूंनी तो कागद तीनदा वाचला. इतकी वर्षं जे ते आपल्या हौसेनं करत होते, ते आता सरकारी काम झालं होतं. “मॅडम, आता साहेबांना गाडी दुसरीकडं लावावी लागणार,” एवढं म्हणून ते खुर्चीत मागं रेलून हसत सुटले. दुसऱ्या दिवशी खुलताबादहून टोपलीभर सीताफळं आली आणि फळ्याच्या ‘आज आहे’ रकान्यात शेवटी ओळ होती, ‘ताकीद – एक.’ सही करताना मी ती खोडावी की ठेवावी या विचारात पडले आणि ठेवली. मला इतका आनंद त्या वर्षात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

तरी लोक फळा वाचत नव्हते. सरकारनं मानला, अधीक्षकांनी निमूटपणे मानला, पण गावाचं मन उडालं ते उडालं. मामू आता आधी फ्रिज उघडायचे, कपाटं उघडायचे, एकेक मोजायचे आणि मगच खडू उचलायचे. अक्षर तेवढंच सुंदर, फक्त मागं सरून मान तिरकी करून बघणं बंद झालं होतं. मी त्यांना चिडवून बघितलं, एसटीच्या संपाची गोष्ट काढून बघितली. हसायचे, पण पूर्वीसारखे नाही. सकाळी फळा लिहून झाला की खिडकीत येऊन बसायचे आणि रस्त्याकडं बघत राहायचे.

दिवाळी झाली आणि कापसाची वेचणी सुरू झाली. बायांची रांगच्या रांग डोक्याला फडकी बांधून सकाळी आमच्या दारावरून टेम्पोच्या अड्ड्याकडं जायची. माझा बॉण्ड संपत आला होता. एका सकाळी मी रॅम्पवर उभी राहून चहा पीत होते, तेव्हा त्या रांगेतून एक बाई बाजूला निघाली आणि फाटकातून आत आली. कौसाबाई. उजव्या हाताचं एक बोट अजून नीट मिटत नव्हतं, ते मला लांबूनही कळलं. चावल्यापासून पहिल्यांदाच रानात निघाली होती. फळ्याकडं तिनं पाहिलं नाही, तिला वाचता येत नव्हतं. ती सरळ औषधाच्या खिडकीवर गेली.

“मामू, आज लस हाय का? असली तर जाते रानात.”

खिडकीत मामू उठून उभे राहिले. अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी फ्रिज उघडला होता, मोजलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं आणि मी सही केली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग म्हणाले, “थांब बाई. बघून येतो.”

आत फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ट्रेवर एकेक बाटली ठेवल्याचा. मामू मोठ्यानं मोजत होते. कौसाबाई पदराचं टोक धरून शांतपणे ऐकत उभी होती. ते बाहेर आले, म्हणाले, धा हायेत. ती फाटकाशी थांबलेल्या बायांकडं वळली आणि तिनं हाक दिली, हाय म्हनतोय, चला.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चौघी आल्या. त्याच्या पुढच्या दिवशी सगळी रांगच. त्या आठवड्यात टपरीवरही कुणीतरी पुन्हा विचारलं, आज काय नाय, आणि मामूंनी खिडकीतूनच मोठ्यानं वाचून दाखवलं.

मी ज्या दिवशी दवाखाना सोडला त्या दिवशी सकाळच्या गाडीत बसले होते. गाडी दारासमोर दोन मिनिटं थांबली. मी मामूंना हात करायला खिडकीची काच सरकवली, पण ते औषधाच्या खिडकीत नव्हते. आत मोजायला गेले होते. टेम्पोवाला अड्ड्यावरून हॉर्न देत होता, एकदा, दोनदा, मग त्यानं हॉर्न दाबूनच धरला. औषधाच्या खिडकीसमोर डोक्याला फडकी बांधलेल्या तीसेक बाया उभ्या होत्या, आणि त्यांतली एकही जागची हलत नव्हती.